शांत फाइल सर्व्हर हवा असेल, तर आधी कॅबिनेट निवडा

प्रश्न : माझा छायाचित्रणाचा व्यवसाय असून काम घरातूनच चालते. लग्नसमारंभांची छायाचित्रे आणि व्हिडिओ मिळून सुमारे ३ टीबी साठा वेगवेगळ्या यूएसबी डिस्कवर विखुरलेला आहे. तो एकत्र आणून घरातील सर्व संगणकांवर वापरता यावा, यासाठी लिनक्सचा फाइल सर्व्हर उभारायचा आहे. घर लहान असल्याने तो झोपण्याच्या खोलीतच ठेवावा लागेल, तेव्हा आवाज नको. सुरुवात दोन डिस्कने करून पुढे सहापर्यंत जाता यावे. दुकानदाराने आय७ प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम सुचवली आहे. शिवाय ऑफिसमधून आणलेला एक जुना डेस्कटॉपही पडून आहे. काय करावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दुकानदाराने सुरुवात जिथून केली, तिचा विचार आपण सर्वांत शेवटी करावा. फाइल सर्व्हरमध्ये प्रोसेसरला काम फार थोडे असते. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला फार तर ११० ते ११५ एमबी जातात आणि आजची साधी हार्ड डिस्कही मोठी फाइल सलग वाचताना त्याहून अधिक वेग देते. म्हणजे काम अडते ते नेटवर्कपाशी. आवाज ठरतो डिस्क आणि पंख्यांवरून, तर वाढीची मर्यादा ठरते कॅबिनेटमधील खण, साटा पोर्ट (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची जागा) आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) यांवरून.

आज दुकानांत मांडलेली काचेच्या दर्शनी भागाची बहुतेक कॅबिनेटे आपल्या उपयोगाची नाहीत. त्यांत रंगीत दिव्यांना भरपूर जागा असते, पण साडेतीन इंची डिस्कचे खण जेमतेम दोन असतात आणि समोरून हवा आत यायला वाव नसतो. फ्रॅक्टल डिझाइन कंपनीच्या ‘नोड ३०४’मध्ये सहा डिस्क बसतात, मात्र त्याला मिनी-आयटीएक्स या छोट्या आकाराचाच मदरबोर्ड लागतो. ‘नोड ८०४’ थोडे रुंद आहे; त्यात डिस्कचा कप्पा मदरबोर्डपासून वेगळा असून त्याहून मोठा मायक्रो-एटीएक्स बोर्ड बसतो, आणि असे बोर्ड आपल्याकडे सहज व स्वस्त मिळतात. ही कॅबिनेटे मिळाली नाहीत, तर सहा खणांचे, समोर जाळी व धूळगाळणी असलेले कोणतेही जाड पत्र्याचे साधे टॉवर कॅबिनेट चालेल. पातळ पत्रा मात्र टाळावा, कारण रात्री ऐकू येणारा आवाज बहुधा डिस्कचा स्वतःचा नसतो. डिस्कच्या कंपनांनी थरथरणाऱ्या पत्र्याचा असतो. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते आणि ७२०० फेऱ्यांची १२० वेळा, आणि त्याच पट्टीतली खर्जातली गुणगुण पत्रा मोठी करून खोलीभर पसरवतो. एकाच जातीच्या दोन डिस्कच्या वेगात किंचित फरक असला, की ही गुणगुण काही सेकंदांच्या अंतराने चढते आणि उतरते. अशी लाटांसारखी घरघर एकसारख्या आवाजापेक्षा झोपेला अधिक त्रास देते. डिस्क आणि खण यांच्यामध्ये रबरी वॉशर असले आणि स्क्रू रबर चिरडेल इतके आवळले नाहीत, तर हा त्रास बराच कमी होतो. चालू कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून पाहावा. आवाज एकदम उतरला, तर दोष पत्र्याचा आहे असे समजावे.

डिस्क घेताना ५४०० फेऱ्यांच्या आसपासच्या, एनएएससाठी (म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या साठ्यासाठी) बनवलेल्या डिस्क निवडाव्यात. गिगाबिट नेटवर्कला त्या पुरून उरतात. इथे एक गोष्ट पक्की तपासावी, ती म्हणजे डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआर डिस्कमध्ये लेखनाचे माग (माहितीच्या वर्तुळाकार रेषा) एकमेकांशेजारी सुटे असतात, तर एसएमआर डिस्कमध्ये ते छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त मावते, पण मधलाच एखादा माग बदलायचा झाला, तर त्याच्या पुढचे मागही पुन्हा लिहावे लागतात. फोटो एकदा ठेवून पाहण्यापुरते हे चालून जाते. परंतु रेडमधली (म्हणजे एक डिस्क बिघडली तरी साठा टिकावा म्हणून जोडलेल्या डिस्कच्या संचातली) एक डिस्क बिघडून नवी भरण्याची वेळ आली, की हे काम कमालीचे लांबते आणि कधी कधी डिस्क प्रतिसाद देत नाही म्हणून संचातून बाहेरही फेकली जाते. २ ते ६ टीबीच्या ‘रेड’ (लाल) या नावाने विकलेल्या काही डिस्क एसएमआर असल्याचे वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये मान्य केले आणि त्यानंतर सीएमआर डिस्कसाठी ‘रेड प्लस’ ही मालिका वेगळी काढली. तेव्हा नावावर न जाता, कंपनीच्या माहितीपत्रकात पूर्ण मॉडेल क्रमांक पाहूनच पैसे द्यावेत. सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ मालिका सीएमआर आहे, पण तिच्यातील मोठ्या क्षमतेच्या डिस्क ७२०० फेऱ्यांच्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

पंखे १२० किंवा १४० मिलिमीटरचे आणि सावकाश फिरणारे असावेत. पंख्याचे फेरे निम्मे केले, तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणूनच एका वेगवान पंख्यापेक्षा दोन संथ पंखे केव्हाही बरे. पंख्यांचा वेग बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) असा बांधावा, की मे महिन्याच्या दुपारीही डिस्कचे तापमान ४५ अंशांच्या आत राहील.

आता प्रोसेसर. इंटेलचा एन१०० या कामाला पुरतो, त्याला पंखाही लागत नाही. पण त्याच्या अनेक बोर्डांवर साटाचे एक-दोनच पोर्ट असतात. आपल्याला सहा डिस्कपर्यंत जायचे असल्याने मी आय३-१२१०० आणि चार साटा पोर्टांचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड सुचवीन. सोबत ८ किंवा १६ जीबी रॅम आणि लिनक्ससाठी एक लहान एसएसडी पुरे, ती एम.२ एनव्हीएमई प्रकारची (मदरबोर्डवर थेट बसणारी) घेतली, तर साटाचा पोर्टही अडत नाही. पाचव्या डिस्कची वेळ येईल, तेव्हा एएसएम११६६ चिपचे सहा साटा पोर्टांचे कार्ड घालावे. जुन्या सर्व्हरमधून काढलेली, डिस्क जोडण्याची एलएसआय कंपनीची कार्डे स्वस्त मिळतात आणि कामही चोख करतात. पण ती तापतात आणि त्यांच्यावर हवा सोडावी लागते, म्हणजे आवाज मागल्या दाराने घरात येतो.

एसएमपीएस नामांकित कंपनीचा, ४५० वॅटच्या आसपासचा घ्यावा. चालू डिस्कला पाच-सहा वॅट लागत असले, तरी फिरायला लागताना प्रत्येक डिस्क क्षणभर २० ते २५ वॅट ओढते आणि सहाही एकदमच सुरू होतात. सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल, तर दुसऱ्या मॉडेलची केबल त्याला कधीही लावू नये. टोक बसते, पण आतील तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि सगळ्या डिस्क एका क्षणात जळू शकतात.

जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा एकच खण आणि कंपनीच्या खास जोडणीचा एसएमपीएस असेल. तो नव्या यंत्रापेक्षा ४० वॅट जरी जास्त खात असला, तरी अखंड चालवल्यास वर्षाला सुमारे ३५० युनिट जादा वीज जळेल. तो विकून टाकावा.

प्रश्न : आधी दोन डिस्क आणि नंतर वेगळ्या क्षमतेच्या डिस्क घातल्या, तर सगळा साठा पुसून नव्याने भरावा लागेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, मात्र फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) तशी निवडावी लागेल. बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमच्या रेड १ मध्ये प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर राहतात आणि डिस्क एकाच मापाच्या असण्याची गरज नसते. ४ टीबीच्या दोन डिस्कवर वापरण्याजोगे ४ टीबी मिळतात. त्यांत ८ टीबीची तिसरी घातली, की ८ टीबी होतात. त्याच बीटीआरएफएसचे रेड ५ आणि ६ मात्र वापरू नयेत, अचानक वीज गेल्यास त्यांचा भरवसा नाही. झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमच्या रेडझेड (तिचा रेडचा प्रकार) संचात एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएसच्या २.३ या आवृत्तीपासून आली आहे. पण तिथे संचातील सर्वांत लहान डिस्क सर्वांचे माप ठरवते. दोहोंपैकी काहीही निवडले, तरी चुकून पुसलेली फाइल सगळ्या संचातून एकदमच जाते. म्हणून रिकाम्या होणाऱ्या यूएसबी डिस्क न विकता, त्यांच्यावर वेगळी प्रत करून ती नातेवाइकांच्या घरी ठेवावी.

प्रश्न : घरी इन्व्हर्टर आहे. सर्व्हरला वेगळा यूपीएस हवा का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चे बटण असेल, तर ते चालू ठेवावे, साध्या मोडमध्ये वीज पालटायला जो अवधी लागतो, तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. तरीही मी लहान यूपीएस घेईन, कारण बॅटरी संपत आल्याचे इन्व्हर्टर सर्व्हरला कळवत नाही. यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्यावा (स्वस्त मॉडेलांत तो बहुधा नसतो) आणि लिनक्सवर ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ बसवावे, म्हणजे बॅटरी उतरू लागताच सर्व्हर फाइली नीट मिटवून आपणहून बंद होतो. मॉडेल त्या प्रणालीच्या यादीत आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.