जुनं रेड (RAID) कार्ड लावलं की नवा मदरबोर्ड सुरूच होत नाही? "कार्ड गेलंय" यावर लगेच विश्वास ठेवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. सर्व्हरमधून काढलेलं जुनं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारं), नवीन मदरबोर्ड, कार्ड लावलं की पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, बायोसपर्यंतसुद्धा (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगपर्यंत) जात नाही, कार्ड काढलं की सगळं झकास. आणि बोर्डवाल्यांच्या सपोर्टने सांगितलं की कार्ड खराब आहे. अगदी हेच माझ्याकडे झालं होतं.

एक्स ८ चं (आठ लेनचं, म्हणजे डेटाच्या आठ वाटांचं) कार्ड एक्स १६ च्या स्लॉटमध्ये चालतं, जुन्या पिढीचं कार्ड नव्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालतं, हे तुम्हाला माहीतच असणार, त्यात शिरत नाही.

मला सगळ्यात महाग पडलं ते सपोर्ट. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांच्याकडे एक ठरलेली यादी असते आणि समोरच्याने काय लिहिलंय ते न वाचता ते तीच वाचून दाखवतात. बायोस अपडेट करा. केला. सीमॉस रिसेट करा (म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीला आणा). केला. रॅमची एकच पट्टी ठेवून बघा. बघितलं. मग बोर्ड पाठवा म्हणाले, पाठवला, कितीतरी दिवस मशीन बंद, आणि परत आला तो "दोष आढळला नाही" अशा चिठ्ठीसकट. हेच कार्ड जुन्या मशीनमध्ये व्यवस्थित चालतंय हे मी प्रत्येक मेलमध्ये लिहिलं होतं, त्याला एकदाही उत्तर नाही, शेवटी "तुमचं कार्ड खराब आहे, बदला" एवढंच. त्यांच्या शब्दावर तसलंच दुसरं कार्ड घेतलं, तेही तसंच अडलं! चांगलं कार्ड खराब ठरवून माणसाला खर्चात घालायचं, याचा मला आजही राग आहे.

खरं कारण होतं एसएमबस, म्हणजे बोर्डावरच्या भागांनी एकमेकांशी छोटी माहिती बोलायची लाइन. पीसीआय एक्स्प्रेसच्या (हे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याच्या) कनेक्टरवर डेटाच्या लेनशिवाय दोन बारीक लाइन असतात, बी ५ आणि बी ६, एक क्लॉक आणि एक डेटा. बोर्ड सुरू होताना रॅमच्या पट्टीवरची माहिती याच प्रकारच्या बसवरून वाचतो, आणि काही जुनी सर्व्हर कार्डं नेमकी तेव्हा तिथे मध्ये बोलतात, मग बोर्डाला रॅमच नीट कळत नाही आणि तो तिथेच थांबतो. डेलच्या पर्क ५ आणि पर्क ६ या रेड कार्डांबाबत हे जुन्या लोकांना चांगलं माहीत आहे. डिस्क चालवायला कार्डाला या लाइन लागत नाहीत, म्हणून उपाय म्हणजे कार्डाच्या कनेक्टरवरच्या या दोन लाइनच्या धातूच्या पट्ट्यांवर टेप.

कार्डाची चिप असलेली बाजू म्हणजे बी बाजू, ब्रॅकेटच्या टोकाकडून मोजत पाचवी आणि सहावी पट्टी. पहिल्या तीन १२ व्होल्टच्या, चौथी ग्राउंड, त्यामुळे भिंग घेऊन दोनदा मोजा आणि शेजारची पट्टी झाकली जाणार नाही इतकी बारीक कापा. कॅप्टॉन टेपच (उष्णता सहन करणारी) वापरा, साधी चिकटपट्टी गरम झाली की सरकते आणि गोंद स्लॉटमध्ये राहतो. आणि हो, पॉवर केबल काढून.

आता हे माझ्या अनुभवावरून सांगतोय, तुमचं कार्ड वेगळं असेल तर कारणही वेगळं असू शकतं, आणि टेप लावायची तर स्वतःच्या जबाबदारीवर. त्याआधी दोन गोष्टी फुकटात होतात त्या करा. कार्ड न लावता बायोसमध्ये जाऊन त्या स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन १ किंवा जेन २ (जुन्या पिढीचा, कमी वेग) करा, काही जुनी कार्डं ऑटोवर नीट जुळतच नाहीत. दुसरं, मॅन्युअलमध्ये तो स्लॉट कुठल्या एम.२ (छोट्या एसएसडीच्या) स्लॉटबरोबर लेन वाटून घेतो ते बघा, तिथे एसएसडी असेल तर काही बोर्डांवर स्लॉट बंदच होतो (पण तेव्हा मशीन सुरू होतं, फक्त कार्ड दिसत नाही). मशीन सुरू झालं पण कार्डाचा स्वतःचा मेनू येत नाही असं झालं तर मात्र बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) चालू आहे का बघा, जुन्या कार्डाचा रॉम (कार्डावरचा स्वतःचा प्रोग्राम) नुसत्या यूईएफआयला, म्हणजे नव्या प्रकारच्या बायोसला, कळत नाही. काही नव्या बोर्डांवर सीएसएमच नसतं, तिथे मेनू विसरा, ऑपरेटिंग सिस्टिममधून कार्ड सांभाळावं लागेल, तेही ड्रायव्हर मिळाला तर.

अजून एक, ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनलेली असतात, साध्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकला हात लावता येत नाही इतकी तापतात. छोटा पंखा बांधाच.

आणि डिस्क आधी जोडू नका. नुसतं कार्ड लावून मशीन सुरू होतंय का बघा, मग डिस्क. "फॉरेन कॉन्फिगरेशन" (डिस्कवर दुसरीकडची रेडची मांडणी सापडली) असा मेसेज आला तर घाबरू नका, रेडची मांडणी डिस्कवरही लिहिलेली असते, इम्पोर्ट निवडायचं. क्लिअर किंवा इनिशियलाइजला हात लावू नका. डिस्क जुन्या मशीनवर अजून चालत असतील तर बॅकअप आजच घ्या, टेप उद्या लावली तरी चालेल. कार्डाचं मॉडेल आणि बोर्डाचं नाव इथे टाका, स्लॉटचं बघून सांगतो.