चावी उशिरा मिळाली, पण घेताना काय बोललात?

घोडबंदर रोडला, कासारवडवलीत भाड्याने राहायला आलेल्या एका ताईंचं पत्र आहे. लिव्ह अँड लायसन्स 1 जूनपासून, भाडं महिना 30,000, डिपॉझिट एक लाख. आधीचा भाडेकरू हललाच नाही, म्हणून चावी हातात पडली 24 जूनला. तोवर सामान पॅकर्सच्या गोदामात आणि घरची तिघं लॉजवर. मालकाने जूनचं भाडं मात्र पूर्ण घेतलं. आता ताईंना ते भाडं, लॉज नि गोदामाची बिलं, कापला गेलेला पगार आणि वर मनस्तापाचे पन्नास हजार हवे आहेत. शाळा सुरू व्हायच्या सुमारास अशी पत्रं येतातच. गाव कधी नेरूळ, कधी कळवा, रड तीच.

मालक चुकला की नाही, यात वेळ घालवत नाही. तो चुकलाच. तुमचं प्रकरण अडतं ते 24 जूनच्या संध्याकाळी. मालकाने व्हॉट्सॲपवर लिहिलं, "सॉरी, उशीर झाला." तुम्ही उत्तर दिलंत, "हरकत नाही काका, चावी मिळाली," आणि खाली जोडलेले हात. ताई, तेवीस दिवस लॉजवर काढल्यावर कसली हो हरकत नाही?

भारतीय करार कायदा 1872, कलम 55 बघा. ज्या करारात ठरलेली वेळ हाच गाभा असतो, तिथे वेळ चुकली की समोरच्याला करार मोडण्याचा हक्क मिळतो. तो न वापरता त्याने उशिरा दिलेलं स्वीकारलं, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. अपवाद एकच, स्वीकारतानाच "भरपाई मागणार आहे" अशी सूचना दिलेली असली तर. मालकाचा वकील तुमचं ते "हरकत नाही" याच जागी ठेवणार.

पण त्याच कलमात, वेळ हा कराराचा गाभा नसेल तर काय, तेही लिहिलं आहे. तेव्हा करार मोडता येत नाही, पण उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते, आणि तिथे या सूचनेची अट घातलेली नाही. म्हणून नोटिशीत "1 जून ही तारीख आमच्यासाठी जीवन-मरणाची होती" असली वाक्यं घालू नका. भाडेकरू हमखास तेच लिहितात आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. तुमच्या कराराला न्यायाधीश कोणत्या खणात टाकतील, हे मी आज छातीठोकपणे सांगणार नाही. पण दुसरा खण तुमच्या सोयीचा आहे आणि तो आपल्याच हाताने बंद करायचं कारण नाही.

शिवाय तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक गोष्ट आहे. 20 जूनला तुम्ही लॉजच्या बिलाचा फोटो मालकाला पाठवलात, "हे तुमच्याकडून घेणार" असं लिहून, आणि त्याचं उत्तर आलं, "बघू नंतर". तीन पानांचा संताप वाचून मग हे सापडलं! सूचना लेखी नोटिशीनेच द्यावी असं कलम म्हणत नाही. चार दिवस आधीची ही मागणी तुम्ही कधी मागे घेतली नव्हती आणि "हरकत नाही" ही निव्वळ रीतभात होती, असं मांडता येईल. टिकेलच असं नाही, पण पाय रोवायला जागा आहे.

जूनचं भाडं हा वेगळा हिशेब. ती भरपाई नाही. जे घर वापरायलाच मिळालं नाही त्याचे घेतलेले पैसे आहेत, 23 दिवसांचे 23,000. तुमची सर्वांत भक्कम मागणी हीच, आधी हीच करा. फक्त भाडं "ताबा दिल्यापासून" आहे की नुसतं "1 जूनपासून", ते करारात पाहा. तुम्ही लिहिता, "करार एजंटने केला, आम्ही फक्त थम दिला." लाखाचं डिपॉझिट देताना चार पानं वाचायला काय झालं होतं? वाचली असतीत तर दिसलं असतं की भाडेकरूने घर उशिरा सोडलं तर दुप्पट भाडं, आणि मालकाने उशिरा दिलं तर काहीच नाही. एजंटांचे छापील नमुने बहुधा असेच एकतर्फी असतात.

त्यामुळे बाकीचं नुकसान त्याच कायद्याच्या कलम 73 खाली, म्हणजे करारभंगाची भरपाई म्हणून, बिलांनिशी सिद्ध करावं लागेल. 31 मेला जुनं घर सोडायचं आहे, हे करारापूर्वी मालकाला माहीत होतं का? तसा एखादा मेसेज असेल तर लॉज आणि गोदामाच्या मागणीत दम आहे. साध्या लॉजचं बिल चालेल, रिसॉर्टचं नाही. खर्च आवाक्यात ठेवलात का, हे कोर्ट बघतं. कापलेल्या पगाराबद्दल मला शंका आहे. मनस्तापाचे पन्नास हजार विसरा. करारभंगात त्याला सहसा कोणी विचारत नाही.

पुढच्या भाड्यातून परस्पर पैसे कापू नका. उद्या तुम्हीच थकबाकीदार ठराल आणि मालकाला आयतं कारण मिळेल. स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत ठेवा, 23,000 पुढच्या भाड्यात वळते करण्याचा पर्याय लिहा. बरेच मालक इथेच ऐकतात.

नाही ऐकलं तर दाव्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षं. पण पन्नास-साठ हजारांसाठी ठाणे कोर्टात तारखा मोजत बसणार असाल तर आधी वर्षांचा हिशेब करा, मग रुपयांचा. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीच, अर्ज करून लोकअदालतीत प्रकरण ठेवा. कोर्ट फी लागत नाही, आणि स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. मालक आलाच नाही किंवा तडजोडीला तयार झाला नाही, तर मात्र दाव्याशिवाय इलाज नाही.

आणि तो फोन बदलू नका, विकू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. 20 आणि 24 जूनचे दोन्ही मेसेज ठेवा, अडचणीचा आहे म्हणून 24 चा पुसू नका. तो मालकाच्या फोनमध्येही आहे.