अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा : उजळणीविषयी वाचकांचे प्रश्न

अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख अभ्यासापेक्षा उजळणीकडे होता. त्यांतील चार पत्रे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : मी राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेत असून एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देणार आहे. प्रत्येक प्रकरणाच्या नोट्स मी रंगीत पेनांनी व्यवस्थित काढल्या आहेत आणि त्या दोनदा वाचूनही झाल्या आहेत. वाचताना सगळे येते असे वाटते. पण महिनाभराने त्याच प्रकरणावरचे प्रश्न सोडवायला बसले की सूत्रेच आठवत नाहीत. उजळणीचे वेळापत्रक कसे आखावे?
– विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : ‘वाचताना सगळे येते असे वाटते’ हे तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. आपणच लिहिलेली, आपणच रंगवलेली वही पुन्हा उघडली की प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ही ओळख म्हणजेच आठवण, असा समज होतो. परीक्षेत मात्र वही समोर नसते. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी काही मजकूर पुन्हा वाचला, तर काही मजकूर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेला मजकूर अधिक आठवला. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र लिहून काढलेला मजकूर स्पष्टपणे अधिक टिकलेला दिसला. तुमच्या गावाचे नाव ज्या ‘पॅटर्न’मुळे राज्यभर झाले, त्यातही वारंवार घेतल्या जाणाऱ्या सराव परीक्षांना मोठे स्थान आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून उजळणीची सुरुवात वही मिटून करावी. उदाहरणार्थ, भौतिकशास्त्रातील रोटेशनल डायनॅमिक्स हे प्रकरण घ्या. कोरा कागद समोर ठेवून पंधरा-वीस मिनिटांत त्या प्रकरणातील व्याख्या, सूत्रे आणि आकृत्या आठवतील तशा लिहा. समजा, दांड्याच्या मध्यातून त्याला लंब जाणाऱ्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण लक्षात आहे, म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग या राशीचा १/१२ भाग. पण अक्ष टोकाला नेल्यावर ते किती होते हे आठवत नाही. अशा वेळी लगेच वही उघडू नका. समांतर अक्षाचा सिद्धांत आठवला, तर अक्ष निम्म्या लांबीइतका सरकल्यामुळे १/१२ मध्ये १/४ मिळवायचे आहेत आणि बेरीज १/३ येते, हे तुम्ही स्वतःच काढू शकता. असे एकदा धडपडून काढलेले सूत्र पुष्कळ दिवस टिकते. त्यानंतरच वही उघडून राहिलेल्या गोष्टी वेगळ्या रंगाने त्या कागदावर भराव्यात. रंगीत पेनांचा खरा उपयोग इथे आहे.

वेळापत्रकाबद्दल सांगायचे तर ‘रोज भौतिकशास्त्र दोन तास’ अशी आखणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण त्या दोन तासांत नेमके काय झाले हे तीतून कळत नाही. प्रकरणांची एकच यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे पुढच्या उजळणीची तारीख लिहावी. नवे प्रकरण संपल्यावर पहिली उजळणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुसरी आठवड्याने आणि तिसरी महिन्याने, एवढा अंदाज सुरुवातीला पुरेसा आहे. कोरा कागद बऱ्यापैकी भरला तर पुढची तारीख लांब टाकावी, अर्धा कोरा राहिला तर अलीकडे आणावी. रविवारची दुपार मुद्दाम मोकळी ठेवावी, कारण आठवड्यात काही ना काही निसटणारच. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे ८० टक्के भार असतो, शिवाय अकरावीची सगळी प्रकरणे त्यात येत नाहीत. तेव्हा अकरावीची संपूर्ण पुस्तके पुन्हा वाचण्यापेक्षा सीईटी कक्षाने जाहीर केलेली प्रकरणांची यादी भिंतीवर लावून तेवढीच प्रकरणे उजळणीत घ्यावीत.

गणिताच्या सरावात आणखी एक पथ्य पाळावे. एकाच प्रकरणाची चाळीस उदाहरणे ओळीने सोडवली की पाचव्या उदाहरणापासून कोणती रीत लावायची याचा विचारच करावा लागत नाही, आणि परीक्षेत तर नेमका तोच विचार करायचा असतो. रोरर आणि टेलर यांच्या २००७ मधील प्रयोगात घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणे प्रकारवार सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना सरावाच्या वेळी जास्त उत्तरे जमली. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र सरमिसळ करून सोडवणाऱ्यांना सुमारे ६३ टक्के आणि प्रकारवार सोडवणाऱ्यांना केवळ २० टक्के यश मिळाले. प्रकरण नवीन असेपर्यंत ओळीने सराव ठीक आहे. पहिल्या उजळणीपासून तीन-चार प्रकरणांची उदाहरणे मिसळून घ्यावीत. गुण कमी पडतील आणि मन खट्टू होईल, त्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : मी राज्य मंडळाचा विद्यार्थी असून मला जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा आणि सीईटी दोन्ही द्यायच्या आहेत, बोर्डाची परीक्षा तर आहेच. तीन वेगवेगळे अभ्यास करावे लागतील का?
– विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : तीन अभ्यास करावे लागत नाहीत, मात्र क्रम विचारपूर्वक लावावा लागतो. जेईईची बहुतेक पुस्तके एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय पाठ्यपुस्तकांच्या, रचनेवर बेतलेली असतात. रोटेशन, द्रव पदार्थांचे गुणधर्म, वायूंचा गतिज सिद्धांत, उष्मागतिकी, दोलने आणि तरंग हे विषय त्या रचनेत अकरावीत येतात, तर आपल्या मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रातील पहिली सहा प्रकरणे याच विषयांवर आहेत. क्लासमध्ये हे सगळे ‘अकरावीचे झाले’ म्हणून बाजूला पडते आणि कॉलेजात ते जूनपासून नव्याने सुरू होते, असा गोंधळ दरवर्षी दिसतो. आपण कॉलेजचा क्रम धरावा आणि या प्रकरणांची उदाहरणे सुरुवातीपासूनच जेईईच्या पातळीची सोडवावीत. म्हणजे एकाच कष्टात तिन्ही परीक्षांचे काम होते. उलट शांकवांसारखी प्रकरणे जेईईसाठी आवश्यक आहेत आणि सीईटीच्या यादीत नाहीत, तर तर्कशास्त्र आणि रेषीय प्रायोजन ही प्रकरणे बोर्ड व सीईटीसाठी लागतात आणि जेईई मेनमध्ये नाहीत. ही दोन प्रकरणे सोपी असल्यामुळे जानेवारीनंतर घेतली तरी चालतील.

जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते आणि दोन्ही दिल्यास अधिक चांगली कामगिरी धरली जाते. जानेवारीच्या निकालाकडे प्रामाणिकपणे पाहावे. तो अपेक्षेपेक्षा फारच खाली असेल, तर पुढचे दोन महिने बोर्ड आणि सीईटीला देण्यात कमीपणा नाही. बोर्डाला मात्र दुय्यम मानू नये. एनआयटी आणि आयआयटीतील प्रवेशासाठी सर्वसाधारण गटाला बारावीत ७५ टक्के गुण किंवा मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमधील स्थान लागते, आणि पर्यायावर टिचकी मारण्याची सवय लागलेल्या हाताला सिद्धता सलग लिहिणे जड जाते. डिसेंबरपासून दर आठवड्याला एक लेखी उत्तरपत्रिका पूर्ण वेळ लावून लिहावी.

प्रश्न : माझा मुलगा आठवड्याला दोन सराव परीक्षा देतो, तरी दोन महिन्यांपासून गुण जिथल्या तिथे आहेत. विचारले की ‘सिली मिस्टेक झाल्या’ एवढेच म्हणतो. आणखी टेस्ट सिरीज लावावी का?
– पालक, नाशिक

उत्तर : आणखी सिरीज लावू नये, आपण आहेत त्यातल्याही निम्म्या कमी केल्या तरी हरकत नाही. सराव परीक्षा हे तापमापकासारखे साधन आहे, ते वारंवार लावल्याने ताप उतरत नाही. तीन तासांच्या परीक्षेनंतर निदान तेवढाच वेळ चुकलेल्या आणि सोडून दिलेल्या प्रश्नांवर जायला हवा.

‘सिली मिस्टेक’ हा शब्द घरात काही दिवस बंद करावा, कारण त्या नावाखाली खरे कारण झाकले जाते. एक उदाहरण पाहा. १५० अंशांच्या साइनचे साइन इन्व्हर्स किती, या प्रश्नाला विद्यार्थी झटकन १५० अंश असे उत्तर देतो. बरोबर उत्तर ३० अंश आहे, कारण साइन इन्व्हर्सचे मुख्य मूल्य उणे ९० ते अधिक ९० अंशांच्या बाहेर जात नाही. मुलगा याला घाई म्हणेल. प्रत्यक्षात ती मर्यादा तपासायची सवयच त्याला लागलेली नाही आणि पुढच्या परीक्षेत टॅन इन्व्हर्सवर तो तसाच फसेल. त्याने एक वही करावी. तीत पूर्ण उत्तर उतरवण्याची गरज नाही. प्रश्नाचे एका ओळीत स्वरूप, आपण काय केले, आणि तसे का केले, एवढेच लिहावे. ‘इन्व्हर्स दिसले, मर्यादा पाहिली नाही’ अशी नोंद पुरते. पंधरा दिवसांनी ती वही चाळली की बहुतेक चुका चार-पाच कारणांभोवतीच फिरताना दिसतात. आपण गुण विचारण्याऐवजी या आठवड्यात वहीत कोणते नवे कारण आले, असे विचारून पाहावे.

प्रश्न : सीईटीला पंधरा दिवस राहिले की नेमके काय करावे? आणि उत्तर येत नसेल तर अंदाजाने पर्याय निवडावा का?
– विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : त्या पंधरवड्यात नवे पुस्तक उघडू नये. चुकांची वही, सूत्रांचे कोरे कागद आणि दिवसाआड एक पूर्ण प्रश्नपत्रिका एवढे पुरे; तीही आपल्या परीक्षेच्या सत्राच्या वेळेलाच, संगणकावर सोडवावी.

अंदाजाबाबत दोन्ही परीक्षांचे नियम वेगळे आहेत. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवणे हे नुकसानच आहे. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ वजा होतो. चारांपैकी एक पर्याय सकारण बाद करता आला, तर उरलेल्या तिघांतून निवडण्यात सरासरीने फायदा आहे. काहीच बाद करता येत नसेल तर फायदा इतका किरकोळ उरतो की त्या प्रश्नावर वेळ घालवू नये. संख्यात्मक उत्तरांच्या प्रश्नांत मात्र अंदाज करूच नये.

वेळेचा हिशेब आताच अंगवळणी पाडावा. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रत्येकी ५४ सेकंद. गणिताच्या प्रत्येकी २ गुणांच्या ५० प्रश्नांना स्वतंत्र ९० मिनिटे असतात. पहिला भाग संपला की त्याकडे परत जाता येत नाही आणि तिथे वाचवलेली मिनिटे गणिताला मिळत नाहीत. म्हणून पहिल्या फेरीत रसायनशास्त्राचे थेट आठवणीचे प्रश्न झपाट्याने उरकावेत, उरलेला वेळ भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीला द्यावा, आणि शेवटची दोन मिनिटे कोरे राहिलेले प्रश्न भरण्यासाठी राखून ठेवावीत.