काळी रेघ आणि पांढरा पट्टा

मुंबईतील एका बालदंत विभागात पालकांशी बोलण्याचे काम माझ्याकडे असते. एकदा भांडुपहून आलेल्या एका आईने मान खाली घालून विचारले, "मॅडम, मी हिचे दात रोज दोन वेळा घासून देते, तरी ते काळे कसे पडले?" पाच वर्षांच्या मुलीच्या दातांवर हिरडीलगत बारीक काळी रेघ होती. शेजारी दीड वर्षाच्या नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता: "चॉकलेटं देऊन देऊन दात किडवले!"

दंतवैद्यांनी तपासले तेव्हा मुलीच्या दातांचा पृष्ठभाग टणक आणि अखंड होता. ती कीड नव्हतीच. तोंडातील काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा लाळेतील लोहाशी संयोग होतो आणि लोहाचे काळे सल्फाइड दातावर बसते. आईने कितीही घासले तरी ही रेघ ब्रशने सहसा जात नाही. दवाखान्यात पॉलिश करून जाते आणि बहुधा काही महिन्यांनी पुन्हा येते. गंमत अशी की अशी रेघ असलेल्या मुलांमध्ये कीड कमी आढळल्याचे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे, अर्थात तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

हे ऐकून आईचा चेहरा सैलावला. माझे लक्ष मात्र नातवाच्या तोंडातल्या दुधाच्या बाटलीकडे होते. दंतवैद्यांनी त्याचा वरचा ओठ उचलून दाखवला, तर पुढच्या चारही दातांवर हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा होता. खरी कीड अशी सुरू होते, आणि ती पांढरी असल्यामुळे घरात कुणाला खुपत नाही.

स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारखे जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि दातावरील जिवाणूंच्या थराचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. दिवसा लाळ त्या आम्लाचा जोर हळूहळू कमी करते. झोपेत लाळच कमी सुटते, त्यामुळे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाचे दात रात्रभर आम्लात राहतात. हे जिवाणू बहुतेकदा घरातल्याच मोठ्यांच्या लाळेतून बाळाकडे येतात, पण साखर वारंवार मिळाल्याशिवाय ते असे माजत नाहीत. म्हणूनच उष्टा चमचा कुणाचा होता, हा वाद मी त्या दोघींत होऊ दिला नाही.

"दुधाचेच दात ना, पडणारच आहेत," असे आजी म्हणाल्या. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात, हे मी त्यांना सांगितले. पट्ट्यावर अजून खड्डा पडलेला नव्हता, त्यामुळे फ्लोराइडचा लेप, १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट आणि रात्रीची बाटली बंद, एवढ्यावर तो थांबवता येण्याजोगा होता.

"रात्री रडला तर काय देऊ?" हा आजींचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण बाटली त्याच देत होत्या. आधी साखर बंद, मग दुधात रोज थोडे अधिक पाणी, शेवटी नुसते पाणी, असे ठरले. चाळीतल्या खोलीत ते सोपे गेले नाही. दोन रात्री शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या. पुढच्या भेटीत बाटली सुटली होती. मुलीची काळी रेघ पॉलिशनंतर पुन्हा किंचित उमटली होती, आणि ती आईने स्वतःहून, न घाबरता दाखवली.