सिक्स बाय सिक्स

प्रिय,

पत्र मिळालं. "ऑप्टिक न्यूरायटिस होऊन गेलेले कितीतरी पेशंट तक्ता खालपर्यंत वाचतात, मग मी मोजू काय?" असं, डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या पेशंटबद्दल, वैतागून लिहिलंयस.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत ओपीडीत एक बाई यायच्या. नजर सिक्स बाय सिक्स, म्हणजे तक्त्यावर अगदी नॉर्मल. म्हणायच्या, "भाकऱ्या थापताना उजव्या डोळ्यापुढं धुकं येतं, ओसरीवर येऊन बसलं की जातं." मी केसपेपरवर 'मानसिक' लिहून मोकळा झालो. श्रमानंतर नजर अशी अंधुकते हे ऊठॉफ या जर्मन डॉक्टरने १८९० सालीच नोंदवलं होतं. मायलिन, म्हणजे नसेच्या तंतूवरचं वेष्टन, झिजलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जातो, आणि अंग जरा तापलं तरी वाटेतच अडतो. मला हे माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं!

तेव्हा तक्ता जरा बाजूला ठेव. बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्यासमोर धरून विचार, दोन्हीकडे सारखंच लाल आहे का? फिकट राखाडी अक्षरांचा तक्ता वापर. काळी अक्षरं घडाघडा वाचणारे तिथे अडखळतात. पेशंटचं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवून घे.

ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, हवंच. रेटिनातल्या, म्हणजे त्या पडद्यातल्या, तंतूंवर मायलिन नसतं, त्यामुळे तंतूंचा थर पातळ झाला म्हणजे तंतूच गेले, आणि ते मायक्रॉनमध्ये मोजता येतं. फक्त पहिल्या काही आठवड्यांत सूज असते, थर उलट जाड दिसतो. तेव्हाच्या स्कॅनवर हुरळून जाऊ नकोस. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा काढ.

१९९२ सालची अमेरिकेतली ४५७ जणांची चाचणी मुळातून वाच. तोवर प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत दुखणं उलटण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. शिरेतून स्टेरॉइड दिलं तर नजर लवकर परतली, पण वर्षाअखेर औषध न घेतलेलेही तिथेच पोचले होते. मात्र ते पेशंट बहुतेक गोरे होते, आणि अ‍ॅक्वापोरिन-४ ची अँटीबॉडी सापडली २००४ मध्ये. आपल्याकडे एनएमओ (यात हीच अँटीबॉडी नजरेच्या नसेवर हल्ला करते) आणि मॉग (तिथे अँटीबॉडी वेगळी) यांचे पेशंट येतात. एनएमओत 'आपोआप बरं होईल' म्हणून थांबलास तर डोळा जाईल. अँटीबॉडीचा रिपोर्ट आल्याशिवाय सगळ्यांना एका गटात टाकू नकोस.

मशीन तुला बुधवारीच मिळतं ना? पहिले दहा स्कॅन पाठव, आणि सोबत त्या दहा जणांची वाक्यंही.

तुझा,
सर