मॉडेल रन करण्याआधीचा कागद

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

सल्लागार अभियंत्याच्या कार्यालयात तू रुजू झालास आणि आठवड्यातून दोन दिवस तंत्रनिकेतनात शिकवूही लागलास, हे वाचून फार आनंद झाला. इमारतीचे विश्लेषण करणाऱ्या स्टाड आणि ईटॅब्स या संगणक-प्रोग्रामांपैकी आधी काय पक्के करावे, असे तू विचारले आहेस. कार्यालयात जे वापरात असेल ते शीक. दुसरे पुढे लवकर हाती येते. मला मात्र त्याआधीच्या एका सवयीविषयी लिहायचे आहे : मॉडेल, म्हणजे संगणकात मांडलेली इमारत, रन करण्यापूर्वी उत्तर साधारण किती यायला हवे, ते हाताने मांडून ठेवायचे.

माझ्या उमेदवारीच्या काळात पाच स्लॅबच्या एका इमारतीचे मॉडेल मी केले होते. सगळ्या रिअ‍ॅक्शनची, म्हणजे आधारांनी पेललेल्या भारांची, बेरीज एकूण भाराशी जुळली, म्हणून मी निश्चिंत होतो. आमच्या ज्येष्ठांनी नकाशाच्या पाठीवर मधल्या कॉलमच्या वाट्याचे क्षेत्र मांडले : 4 मीटर गुणिले 4 मीटर, म्हणजे 16 चौरस मीटर, भिंती आणि स्ववजन धरून चौरस मीटरला अंदाजे 12 किलोन्यूटन, पाच स्लॅबचे 960 किलोन्यूटन. माझ्या मॉडेलमध्ये त्याच्या जेमतेम निम्मा भार होता. एका दिशेचा बीम मी बाहेरच्या कॉलमपासून थेट पलीकडच्या कॉलमपर्यंत काढला होता. पडद्यावर तो मधल्या कॉलमला टेकलेला दिसत होता, पण तिथे सामाईक नोड, म्हणजे दोघांना जोडणारा बिंदू, नसल्यामुळे प्रोग्रामच्या लेखी त्यांचा संबंधच नव्हता. तोच मजला मी वर चार वेळा कॉपी केला होता. एकूण भार कुठेही हरवला नव्हता, तो भलत्याच कॉलमवर गेला होता. म्हणूनच नुसती बेरीज जुळणे पुरेसे नसते, प्रत्येक कॉलमचा वाटा वेगळा तपासावा लागतो.

अशी चूक नवख्याकडूनच होते असे समजू नकोस. 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेतील स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लाइपनर ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी बुडाला. संगणकीय विश्लेषणात भिंतींचे गणितासाठी जे लहान तुकडे पाडतात, त्यांची सांध्याजवळची जाळी ओबडधोबड राहिली होती आणि तिथला शिअर, म्हणजे कातरणारे बल, सुमारे 47 टक्क्यांनी कमी निघाला होता. त्यात सळयांची मांडणीही अपुरी पडली. प्रोग्रामने दिलेल्या मॉडेलचेच गणित केले होते. प्रत्यक्ष भिंत कशी वागेल हे त्या मॉडेलमध्ये उतरलेच नव्हते.

आपल्याकडेही असे निर्णय माणसालाच घ्यावे लागतात. आयएस 1893 या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या 2016च्या आवृत्तीनुसार भूकंपाच्या विश्लेषणात आरसीसी बीमची जडता पूर्ण छेदाच्या जडतेच्या 35 टक्के आणि कॉलमची 70 टक्के धरायची असते. ते आकडे भरले आहेत की नाहीत, हे तूच उघडून पाहायचे.

आता वर्गाविषयी. पहिल्याच तासाला मुलांना संगणकाकडे नेऊ नकोस. 6 मीटरचा बीम आणि मीटरला 20 किलोन्यूटन भार दे. दोन्ही टोके साधी टेकलेली असतील तर मध्यावर 90 किलोन्यूटन-मीटर मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येतो; टोके पक्की जखडली तर टोकांना 60 आणि मध्यावर 30. हे त्यांच्या वहीत उतरल्यावर तोच बीम कॉलमांना जोडून एका फ्रेममध्ये घालायला सांग. मध्यावरचा आकडा 30 ते 90च्या दरम्यान का आला, हे त्यांना बोलू दे. मग कॉलम 230 बाय 300चा 230 बाय 600 मिलिमीटर करायला लाव, लांब बाजू बीमच्या दिशेने ठेवून. टोकाचा मोमेंट वाढतो आणि मधला उतरतो, हे पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, त्यासाठी संगणकाइतके चांगले साधन मला आजवर मिळालेले नाही. हाताने असे दहा बदल करून पाहायला आमचा अख्खा दिवस जात असे. मात्र प्रत्येक रनच्या आधी मोमेंट डायग्रामचा, म्हणजे बीमवर मोमेंट कुठे किती आहे त्या आलेखाचा, आकार पेन्सिलीने काढायला लाव, आणि तो चुकला तरी गुण कापू नकोस.

पुढच्या पत्रासोबत तुझ्या सध्याच्या कामाचा हाताने केलेला कागद पाठव. फाइल नंतर पाहीन. आधी त्या कागदावर कोणत्या कॉलमचा किती भार तू धरला आहेस, ते मला वाचायचे आहे.

तुझा,
सर