नागिणीसाठी असायक्लोव्हिर ८०० दिवसातून पाचदा दिलीय, वडिलांना तीनदाच दिली तर चालेल का?

नाही, कृपया कमी करू नका. पाचदा हाच नागिणीचा नेहमीचा डोस आहे: ८०० मिलिग्रॅम, पाच वेळा, सात दिवस. ही गोळी पोटातून जेमतेम १५-२० टक्केच रक्तात उतरते आणि तीनेक तासांत निम्मी निघून जाते, म्हणून दर चार तासांनी द्यावी लागते. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० असे गजर लावा. रात्री झोपेतून उठवायची गरज नाही. पाच वेळा जमतच नसेल तर डॉक्टरांना व्हॅलासायक्लोव्हिरबद्दल विचारा. ती १ ग्रॅम तीनदाच घ्यावी लागते.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेलं सर्वांत चांगलं. गेरू लावण्यात, मंत्र घालण्यात हेच मोलाचे दिवस जातात, याचं फार वाईट वाटतं. आणि नागिणीची तोंडं जुळली की माणूस जातो, हे खरं नाही. वडिलांना ते नक्की सांगा.

त्यांना किडनीचा त्रास असेल तर मात्र डोस बदलावा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील. पाणी भरपूर पाजा. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.